‘बल्ब आणलास का?’ – सोळा वर्षांच्या संसारातलं एक प्रकरण

पहिल्या दिवशी दोघं आत आले तेव्हा तिने आपली खुर्ची त्याच्यापासून जराशी लांब सरकवली, रागाने वगैरे नाही, मधे पर्स ठेवायला जागा हवी म्हणून, आणि त्याने ते बघून न बघितल्यासारखं करत चष्मा पुसायला घेतला. काय अडचण आहे विचारलं तर बराच वेळ कोणीच बोलेना. शेवटी तीच म्हणाली, "मॅडम, आमचं भांडण नाहीये. भांडण असतं तर सांगायला सोपं गेलं असतं."

जोडप्यांचं समुपदेशन करताना हे मी खूपदा ऐकते. भांडण नाही, दारू नाही, बाहेर कोणी नाही, पैशांची बोंब नाही, आणि तरी दोघांच्या मधलं काहीतरी विझल्यासारखं झालेलं असतं. हे एक प्रकरण पूर्ण लिहावंसं वाटलं कारण यात मी स्वतः सुरुवातीला चुकले आणि ती चूक खूप जण घरच्या घरी करतात. दोघांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तर तो ४५ चा, ती ४३ ची. लग्नाला सोळा वर्षं, दोन मुलं, मोठा चौदाचा आणि धाकटी नऊची. दोघंही नोकरी करतात. एकमेकांना स्वतः पसंत करून केलेलं लग्न, पहिली काही वर्षं अगदी छान गेलेली, आजही घरातली कामं बऱ्यापैकी वाटून घेतलेली (हे मी मुद्दाम विचारते, कारण एकटीच्या अंगावर सगळं पडत असेल तर आधी त्यावर बोलावं लागतं, रात्रीच्या गोष्टी नंतर). शेवटचा सेक्स कधी झाला याचं उत्तर दोघांनी वेगवेगळं दिलं. तो म्हणाला आठ महिने, ती म्हणाली सहा. पण मला जास्त खटकलं ते पुढचं. शेवटची मिठी कधी मारलीत असं विचारल्यावर दोघांनाही आठवेना.

यायच्या आधी त्यांनी एक उपाय करून बघितला होता. मुलांना नातेवाइकांकडे ठेवलं आणि दोन दिवस हॉटेलवर जाऊन राहिले. त्याने चांगली रूम बुक केली, तिने नवीन ड्रेस घेतला. आणि मग ती म्हणाली की रूमचं दार बंद झालं त्या क्षणापासून माझ्या पोटात गोळा आला, कारण आता काय अपेक्षा आहे ते मला माहीत होतं. ती आंघोळीला गेली आणि पाऊण तास बाहेर आलीच नाही. आली तेव्हा तो टीव्ही लावून बसलेला. मॅच चालू होती पण आवाज बंद. ती कडेला झोपली, तो दुसऱ्या कडेला, मधे दोन उशा. परत येताना गाडीत दोघं मुलांच्या शाळेबद्दल बोलत होते. "त्या दोन दिवसांनंतर मी ठरवलं की बास, आता परत विचारायचं नाही," तो म्हणाला. हे तिने पहिल्यांदाच ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

दोघांना एकेकटं भेटले तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. साधारण दीड वर्षापूर्वीपासून तिची पाळी मागेपुढे व्हायला लागली होती, रात्री मधेच घाम येऊन जाग यायची, आणि संबंधाच्या वेळी कोरडेपणामुळे दुखायला लागलं होतं. दोनतीनदा चांगलंच दुखलं. तिने सांगितलं नाही, दात आवळून सहन केलं, कारण तिला वाटलं हे सांगितलं की त्याला वाटेल आता मी म्हातारी झाले. त्यानंतर ती टाळायला लागली, आधी रात्री उशिरा झोपायला जाऊन, मग धाकटीजवळ झोपून. पण टाळणं तेवढ्यावर थांबत नाही ना. तो भांडी लावताना मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा, तर तिला वाटायचं आता हात ठेवलाय म्हणजे रात्री पुढचं येणार, मग ती खांदा बाजूला करायची. सोफ्यावर तो जवळ सरकला की ती उठून काहीतरी कामाला लागायची. मिठी म्हणजे सुरुवात, सुरुवात म्हणजे शेवटपर्यंत जावं लागणार, म्हणजे दुखणार. त्यापेक्षा मिठीच नको.

त्याच्या बाजूने बघा आता. त्याला दुखण्याचं काही माहीत नाही. त्याला दिसतंय एवढंच की आपण हात लावला की बायको सरकते. एकटा असताना तो मला म्हणाला, "मला सेक्स नाही मिळाला तरी चालेल हो, पण माझा हात लागला की ती दचकते, ते मला सहन होत नाही." मग त्यानेही हात लावणं बंद केलं. आणि त्याने हात लावणं बंद केल्यावर ती काय समजली? की आता मी त्याला आवडत नाही.

म्हणजे ओढ दोघांनाही होती. दोघं एकमेकांच्या गप्प बसण्याचा चुकीचा अर्थ लावत बसले होते, वर्षभर. लोक म्हणतात आकर्षण संपलं. माझा अनुभव असा की पुष्कळ घरांत आकर्षण संपलेलं नसतं, स्पर्शाला एक किंमत चिकटलेली असते आणि ती किंमत परवडत नाही म्हणून माणूस स्पर्शच सोडून देतो.

तिला अजून एक गोष्ट आतून खात होती, की "मला आपणहून इच्छाच होत नाही आता, काहीतरी बिघडलंय माझ्यात." यावर मी तिच्याशी बराच वेळ बोलले कारण ही समजूत फार त्रास देते. कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलेला एक विचार इथे फार उपयोगी पडतो. इच्छा नेहमी आधी होते आणि मग माणूस जवळ जातो असंच काही नसतं, विशेषतः बऱ्याच वर्षांच्या नात्यात आणि विशेषतः बायकांच्या बाबतीत पुष्कळदा उलटं असतं, आधी नुसती जवळ येण्याची तयारी असते, मग निवांतपणा, चांगला स्पर्श, आणि त्यातून इच्छा जागी होते. यात बिघाड नाही. पण हे व्हायला जवळ येणं सुरक्षित वाटलं पाहिजे, आणि तिला ते अजिबात सुरक्षित वाटत नव्हतं.

म्हणून सगळ्यात आधी डॉक्टर. इथे मी अजिबात तडजोड करत नाही. दुखत असेल तर त्यावर प्रेमाने बोलून उपयोग नाही, तपासणी करायलाच हवी. चाळिशीत पाळी जाण्याच्या आधीच्या काळात इस्ट्रोजेन हे हार्मोन कमीजास्त व्हायला लागतं, त्याने तिथली त्वचा नाजूक आणि कोरडी होऊ शकते, आणि यावर उपाय आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून तिला लावायचं औषध दिलं आणि ल्युब्रिकंट, म्हणजे घर्षण कमी करणारं वंगण, वापरायला सांगितलं (एक गोष्ट लक्षात ठेवा, कंडोम वापरत असाल तर तेलकट ल्युब्रिकंट नको, लेटेक्स खराब होतं, पाण्यावर आधारलेलं घ्या). त्यालाही मी चेकअप करायला सांगितलं, कारण रक्तदाबाच्या किंवा डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी इच्छा कमी होते आणि लोक नात्याला दोष देत बसतात. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायच्या. त्याचं सगळं ठीक निघालं.

दुखण्याची गोष्ट त्याला सांगायची होती ती मी सांगणार नाही, तूच सांग असं मी तिला म्हटलं, आणि तिने माझ्यासमोर सांगितली. तो एकदम रडायला लागला. "अगं, तुला दुखत होतं आणि मी…" एवढंच बोलला. तिने पहिल्यांदा पर्स उचलून खाली जमिनीवर ठेवली.

आणि इथे मी चुकले. मला वाटलं मुख्य गाठ सुटली, आता त्यांना वेळ मिळवून देऊ, म्हणून मी नेहमीचा सल्ला दिला की दर शनिवारी संध्याकाळी दोघंच बाहेर जा. तीन शनिवार गेले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, मॅडम, शुक्रवारपासूनच टेन्शन यायला लागतं. शनिवार म्हणजे परत तेच हॉटेलच्या रूमचं दार. बाहेर समोरासमोर बसले की बोलायला मुलं सोडून विषय नाही, आणि घरी येताना दोघांच्याही डोक्यात तोच प्रश्न, आज काय? सरप्राइज द्या, नवीन कपडे घ्या, मेणबत्त्या लावा, हे सगळे सल्ले मला म्हणूनच आता आवडत नाहीत. ज्या घरात दोघं आधीच एकमेकांना घाबरलेत तिथे हे नुसतं परीक्षेची तारीख ठरवून देण्यासारखं होतं. मी त्यांना सांगितलं की हे माझं चुकलं, शनिवार रद्द.

मग मी एक वेगळंच काम दिलं. दोघांनी आपापल्या फोनवर एकमेकांसोबतचं गेल्या महिन्याचं चॅट उघडायचं आणि मोठ्याने वाचायचं. वाचायला लागले. ‘निघालास का’, ‘फी भरली’, ‘हिला ताप आहे’, ‘मीटिंग आहे उशीर होईल’, ‘ओके’, ‘ओके’, ‘पासवर्ड पाठव’. दोघं वाचत होते आणि आवाज हळूहळू बारीक होत गेला. मग तो एका ठिकाणी थांबला. त्याने एका रात्री पावणेदहाला एक फोटो पाठवला होता. ऑफिसच्या पार्किंगमधून काढलेला, थोडा हललेला, चंद्र आणि त्याच्या शेजारी एक ठळक ठिपका. खाली काहीच लिहिलेलं नाही. आणि त्याखाली तिचं उत्तर होतं, ‘बल्ब आणलास का?’

ती म्हणाली, "मला वाटलं चुकून आला." तो म्हणाला, "तो ठिपका गुरू होता. दाखवायचा होता तुला." आणि पुढे, जरा थांबून, "बल्ब आणला होता."

खोलीत कोणी बोललं नाही बराच वेळ.

जॉन गॉटमन नावाचे अमेरिकन संशोधक आहेत, त्यांनी नवविवाहित जोडप्यांना एका अपार्टमेंटसारख्या प्रयोगशाळेत ठेवून त्यांचं साधं रोजचं वागणं बारकाईने पाहिलं. एकाने काही दाखवलं, काही विचारलं, नुसतं ‘अगं हे बघ’ म्हटलं, की दुसरा वळून बघतो का, एवढंच. सहा वर्षांनी पाहिलं तर जे एकत्र टिकले होते ते साधारण १०० पैकी ८६ वेळा वळले होते आणि ज्यांचा घटस्फोट झाला ते ३३ वेळा. मी हे आकडे त्यांना सांगितले ते घाबरवायला नाही. मला सांगायचं होतं की फोटो हीच त्याची हाक होती. तो हॉटेल बुक करण्यात कच्चा आहे, पण रात्री पावणेदहाला थकलेला असताना त्याला काहीतरी सुंदर दिसलं आणि तिची आठवण आली. रोमान्स म्हणतात तो हाच. आणि तिच्याही हाका होत्या, त्याने चुकवलेल्या. ती रात्री अंधारात "ऐक ना" म्हणायची आणि तो स्क्रीनकडे बघत "हं" म्हणायचा, की ती "काही नाही" म्हणून कूस बदलायची. किती वेळा? त्याला आठवेना, तिला आठवत होतं.

त्यानंतर दोन गोष्टी एकदम सुरू केल्या. पहिली स्पर्शाची. मास्टर्स आणि जॉन्सन या दोन अमेरिकन लैंगिक संशोधकांनी १९७० च्या सुमारास बसवलेली एक जुनी पद्धत आहे, आजही वापरतात. सेक्सवर चक्क बंदी घालायची. पहिले काही आठवडे काहीही झालं तरी पुढे जायचं नाही, ही अट पक्की. आठवड्यातून दोनतीनदा वीस मिनिटं, एकाने दुसऱ्याच्या पाठीवर, हातांवर, पायांवर, केसांतून नुसता हात फिरवायचा, खाजगी भाग पूर्ण वगळून, मग अदलाबदल. समोरच्याला खूश करायचं नाही, आपल्या हाताला काय लागतंय तिकडे लक्ष द्यायचं, ऊबदार आहे, खरबरीत आहे, कुठे आवळलेलं आहे. ज्याला नको वाटेल त्याने सांगायचं आणि तिथे थांबायचं. ऐकताना त्याला वाटलं हे म्हणजे शिक्षा. पण बंदीमुळे जे झालं ते मी पुष्कळ जोडप्यांत बघितलंय. पुढे काही होणारच नाही हे पक्कं माहीत असल्यावर अंग सैल पडतं. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली की त्याच्या डाव्या खांद्यावर एक छोटा व्रण आहे तो मला माहीतच नव्हता. व्रण दहा वर्षांचा जुना होता.

दुसरी गोष्ट आकाशाची, आणि ती मी सुचवली नाही, त्यांनीच काढली. त्याच्याकडे लग्नाआधीची एक दुर्बीण होती, साधी, दोन डोळ्यांची, कपाटावर पडलेली. मी एवढंच म्हटलं होतं की फोटोतलं ते काय होतं ते तिला आता दाखव. एका रात्री मुलं झोपल्यावर दोघं गच्चीवर गेले. तिने मला ते जसं सांगितलं तसं लिहिते. दुर्बीण हातात धरली की चित्र थरथरतं, ठिपका नाचतो, काही दिसत नाही. मग तो म्हणाला कोपरं कठड्यावर टेक. कठडा उंच पडला. मग तो तिच्या पुढे पाठमोरा उभा राहिला आणि म्हणाला माझ्या खांद्यावर टेकव. तिने दोन्ही कोपरं त्याच्या खांद्यांवर ठेवली. तरी हलत होतं. तो म्हणाला, "श्वास सोड आणि थांब." तिने श्वास सोडला, आणि तेव्हा त्याचाही श्वास थांबलेला तिला कोपरांतून जाणवला, आणि मग गुरूच्या शेजारी एका रेषेत बारीक बारीक तीन ठिपके दिसले, गुरूचे चंद्र. "चौथा मागे किंवा पुढे असेल," तो म्हणाला. "गॅलिलिओने १६१० मध्ये हेच बघितलं होतं. उद्या बघितलं तर जागा बदललेल्या असतील." तिने विचारलं तुला हे सगळं कधीपासून येतं. शाळेपासून, तो म्हणाला. सोळा वर्षं एका घरात राहून तिला हे माहीत नव्हतं, म्हणजे छंद आहे एवढं माहीत होतं, पण त्याचा आवाज त्याबद्दल बोलताना असा होतो हे माहीत नव्हतं. दुसऱ्या रात्री तीच म्हणाली चल, जागा बदलल्या का बघू.

हे मी त्यांच्यासाठी आधी ठरवून सुचवलं असतं तर कदाचित तेही शनिवारसारखं ओझं झालं असतं. पण एकत्र काही नवं केलं की नातं का सुधारतं त्याचा अभ्यास झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन यांच्या गटाने १९९३ मध्ये विवाहित जोडप्यांना दहा आठवडे, आठवड्यातून दीड तास, काहींना उत्साह वाटेल अशा गोष्टी एकत्र करायला सांगितल्या आणि काहींना नुसत्या छान वाटणाऱ्या, आणि नात्याचं समाधान उत्साहवाल्या गटात जास्त वाढलेलं दिसलं. पुढे २००० साली त्यांनी जोडप्यांना मनगट आणि घोटा एकमेकांना बांधून गादीवरून रांगायला लावलं, दोघांच्या अंगांमध्ये एक उशी धरून, हात दात न लावता. तिथेही तसंच. त्यामुळे छान वाटणं पुरत नाही, काहीतरी नवं असावं लागतं, ज्यात आपला माणूस आपल्याला परत थोडा अनोळखी दिसेल. त्याने एकदा विचारलं होतं की इतक्या वर्षांनी ते पहिल्यासारखं खरंच येतं का, की आपण मनाची समजूत घालतोय. मी त्याला २०१२ चा एक मेंदूच्या स्कॅनचा अभ्यास सांगितला, सरासरी २१ वर्षं लग्न झालेली १७ माणसं, जी म्हणत होती की आम्ही अजून जोडीदाराच्या पूर्ण प्रेमात आहोत, त्यांना जोडीदाराचा फोटो दाखवल्यावर मेंदूतले डोपामिनचे (ओढ आणि आनंदाशी जोडलेल्या रसायनाचे) तेच भाग जागे झाले जे नव्याने प्रेमात पडलेल्यांत होतात. माणसं अगदी थोडी आहेत, त्यावरून सगळ्यांचं सांगता येत नाही. पण अशक्य नाही एवढं कळतं.

सगळं सरळ झालं असं नाही. सातव्या आठवड्यात बंदी उठवायची वेळ आली आणि त्याच रात्री त्याने उत्साहाने विचारलं, "मग आज?" आणि ती गोठली. परत धाकटीजवळ जाऊन झोपली. पुढच्या भेटीत दोघंही पडलेल्या चेहऱ्याने आले, त्याला वाटलं संपलं सगळं. मला मात्र ते अपेक्षित होतं, जुनी भीती एकदम जात नाही. आम्ही त्या एका वाक्यावर तासभर काम केलं. ‘मग आज?’ मध्ये हो किंवा नाही एवढंच आहे, आणि नाही म्हटलं की सगळं दार बंद. त्याऐवजी तो विचारायला शिकला, "जवळ येऊ?" आणि जवळ येणं म्हणजे जवळ येणंच, पुढचं त्या वेळी बघू. तिने शिकायचं होतं ते जास्त अवघड. नुसतं नाही म्हणून पाठ फिरवायची नाही, "आज तेवढं नको, पण इथेच थांब" असं म्हणायचं आणि ते मनापासून म्हणायचं. आणि अधूनमधून आपण विचारायचं. ती म्हणाली मला लाज वाटते. सोळा वर्षांनी? तो हसला, तीही हसली, पण लाज खरी होती आणि आम्ही त्यालाही वेळ दिला. पहिल्यांदा तिने शब्दांत विचारलंच नाही, त्याची उशी आपल्याकडे ओढून घेतली. त्याला कळलं.

चार महिन्यांत अकरा भेटी झाल्या. आता महिन्यातून दोनतीनदा संबंध होतात, कधी महिना कोरडाही जातो. दुखणं जवळजवळ गेलंय, ल्युब्रिकंट चालू आहे. धाकटी आपल्या खोलीत झोपते. तो अजूनही फोन हातात असताना "हं" म्हणतो आणि तिने हात लावून फोन खाली करायची सवय लावून घेतलीय, त्यावरून एकदा खरंच भांडण झालं. पुढची भेट त्यांनी तीन महिन्यांनी घेतलीय, मोठ्याची परीक्षा झाल्यावर. शेवटच्या भेटीत ती निघताना फोन पुढे करून म्हणाली हे बघा, तिने पाठवलेला फोटो होता, खिडकीतून काढलेला, नुसता काळा, काहीच दिसत नव्हतं. खाली त्याने विचारलं होतं, ‘कुठला आहे?’ आणि तिने लिहिलं होतं, ‘माहीत नाही. ये आणि सांग.’